पान उघडत का नाही?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावरून आपण कीर्तने ऐकली, नाट्यगीते ऐकली, होळकरांच्या इतिहासावर अभ्यासकांची व्याख्याने ऐकली. आज संगणकाच्या कोडवर बोलायला कार्यकारिणीने एका सरकारी नोकराला उभे केले आहे, आणि तोही पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला. समोर बसलेल्या निम्म्या घरांतली मुले पुण्याला नाहीतर बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. गणपतीसाठी सुट्टी काढून आलेले दोघे-चौघे मागच्या रांगेत दिसताहेत. त्यांनी माझ्या चुका पोटात घालाव्यात. आणि ज्येष्ठांना विनंती, विषयाचे नाव ऐकून उठू नका, कारण याचा त्रास सगळ्यात जास्त तुम्हालाच होतो. विजेचे बिल भरताना, रेल्वेचे तिकीट काढताना, पेन्शनचा दाखला देताना तुम्ही बटन दाबता आणि काहीच होत नाही. मग नातवाला हाक मारता. तो म्हणतो, आजोबा, तुमचा फोन जुना झाला. आज मला एवढेच सांगायचे आहे की पुष्कळदा दोष फोनचा नसतो, आजोबांचा तर मुळीच नसतो. दोष पान लिहिणाऱ्याचा असतो. हे मी खात्रीने सांगतो, कारण असे एक पान मी स्वतः लिहिले होते.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात असताना विद्यार्थ्यांच्या एका योजनेचा ऑनलाइन अर्ज तयार करायचे काम माझ्याकडे आले. अर्जात जिल्हा, तहसील आणि गाव निवडायचे होते. विद्यार्थी राज्यातल्या कुठल्याही गावचा असू शकतो, म्हणून मी काय केले, तर राज्यातल्या सगळ्या गावांची यादी त्या एकाच पानात भरून टाकली. जिल्हा निवडला की बाकीच्या जिल्ह्यांची गावे लपतील अशी युक्ती केली. माझ्या टेबलावरच्या संगणकावर पान झटकन उघडत होते. साहेबांना दाखवले, साहेब खूश. पान सुरू झाले.

शेवटच्या तारखेला दोन दिवस असताना एक मुलगी वडिलांबरोबर कार्यालयात आली. लांबच्या तहसिलीतून, पहाटेची बस धरून. म्हणाली, "सर, पेज खुल ही नहीं रहा." मी तिचा फोन हातात घेतला. दोन जीबी रॅमचा, काच एका कोपऱ्यात तडकलेली. पान उघडायला घेतले, पडदा पांढराच. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. अखेर पान आले. तिने जिल्ह्यावर बोट ठेवले, काही झाले नाही. पुन्हा दाबले. मग फोननेच सांगितले की हे पान प्रतिसाद देत नाही, बंद करू का?

मी तिचा अर्ज माझ्या संगणकावरून भरून दिला. वडील हात जोडून गेले. मला मात्र जेवण गेले नाही. ही आली म्हणून कळले. जी मुले आली नाहीत, ज्यांनी दोनदा बटन दाबून फोन खिशात ठेवला, ती किती होती हे कुठल्याही रजिस्टरमध्ये सापडत नाही. आमच्या अहवालात फक्त भरलेले अर्ज मोजले जातात.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. आपल्या राज्यात पन्नास हजारांवर गावे आहेत. यादीतल्या एका गावाभोवती ब्राउझरला समजणारी खूण आणि सांकेतिक क्रमांक लावला की तीसेक बाइट होतात. त्यात गावाचे नाव. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटमध्ये मावते, आपल्या देवनागरीचे एक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. बड़वानी लिहायला ब, ड़, व, काना, न, वेलांटी, म्हणजे अठरा बाइट. एकूण पन्नास धरा. पन्नास हजार गुणिले पन्नास म्हणजे पंचवीस लाख बाइट, अडीच एमबी. आणि हे कशासाठी, तर मुलीला तिच्या एका गावावर बोट ठेवता यावे म्हणून!

आता मागच्या रांगेतले म्हणतील, काका, सर्व्हरवर कॉम्प्रेशन सुरू करा, आकार बराच कमी होईल. बरोबर आहे, आणि ते सुरू नव्हते हीसुद्धा माझीच चूक. पण कॉम्प्रेशनने रस्त्यावरचे ओझे कमी होते, घरातले नाही. फोनमध्ये पोहोचल्यावर ते पुन्हा उलगडते आणि ब्राउझरला पन्नास हजार नोंदी एकेक करून मांडाव्याच लागतात. माझी युक्ती तर त्याहून वाईट. जिल्हा निवडल्याबरोबर ती त्या पन्नास हजारांतल्या प्रत्येक नोंदीला विचारत सुटायची, तू कुठल्या जिल्ह्याची?

हे सगळे चालू असताना बटन का दाबले जात नाही, हे समजायला सकाळच्या पोह्यांच्या गाडीवर चला. गाडीवर माणूस एकच. तोच पोहे देतो, तोच शेव-जिरावण टाकतो, तोच पैसे घेतो. ब्राउझरमध्ये पानाचा कारभार असाच मुख्यतः एका धाग्यावर चालतो. जावास्क्रिप्टचा कोड चालवणे, पानाची मांडणी करणे, तुमच्या बोटाची दखल घेणे, सगळे तिथेच. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी ही भाषा दहा दिवसांत उभी केली, तेव्हा तिच्यावर एवढा संसार पडेल असे कुणाला वाटले नसेल. आता समजा, कुणीतरी पन्नास प्लेट बांधून द्यायला सांगितल्या आणि पोहेवाला मान खाली घालून बांधतच बसला. मागे उभ्या असलेल्या आजींना एकच प्लेट हवी आहे, त्या हाका मारताहेत, पण तो मान वर करत नाही. आजींना वाटते गाडी बंद आहे. तुमचा फोन 'अडकतो' तो असा.

हुशार पोहेवाला काय करतो? पाच प्लेट बांधतो, मान वर करून रांगेतल्या दोघांना देतो, पुन्हा पाच बांधतो. कोडमध्येही हेच करायचे. मोठे काम तुकड्यांत मोडायचे आणि प्रत्येक तुकड्यानंतर ब्राउझरला श्वास घेऊ द्यायचा. पन्नास मिलिसेकंदांहून जास्त वेळ सलग चालणाऱ्या कामाला ब्राउझरवाले 'लांब काम' म्हणतात. पडदा सेकंदाला साठ वेळा नवा होत असेल, तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम सोळा मिलिसेकंद येतात. त्याहून जास्त घेतले की सरकवताना पान धक्के खाते. अगदीच जड हिशेब असेल तर तो वेगळ्या धाग्यावर, म्हणजे वेब वर्करकडे सोपवता येतो. गाडीमागे बसून कांदा चिरणारा पोरगा समजा. तो गिऱ्हाइकाशी बोलत नाही, म्हणजे पानाला हात लावत नाही, पण कांदा चिरून देतो.

माझ्या अर्जाला मात्र तुकडे करण्याचीही गरज नव्हती. काम मुळात नकोच होते. नव्या पानात मी फक्त पंचावन्न जिल्ह्यांची नावे ठेवली. जिल्हा निवडला की सर्व्हरकडून त्याच्या तहसिली मागवायच्या, तहसील निवडली की तेवढीच गावे. काही केबींचा मामला. पुढे मी पाहिले की संथ पानांपैकी बहुतेक पाने अशीच असतात. कोड वेगवान करण्याआधी कोड कमी करता येतो का, हे कुणी बघतच नाही.

दुसरी खोड मला फार काळ होती. तक्त्यात शंभर ओळी घालायच्या, तर मी एक ओळ घालायचो, तिची उंची विचारायचो, मग दुसरी घालायचो, पुन्हा उंची. दिसायला निरुपद्रवी. पण ओळ घातल्यावर उंची विचारली की ब्राउझरला त्याच क्षणी मांडणी नव्याने मोजावी लागते. आज दुपारी कार्यकर्त्यांनी या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. प्रत्येक खुर्चीनंतर टेप काढून हॉल मोजला असता तर आपण आत्ता उभेच असतो! आधी मोजमाप सगळे घ्यायचे, मग खुर्च्या एकदम मांडायच्या. इतकेच.

शोधाच्या चौकटीचीही तीच कथा. माणूस 'इंदूर' लिहीत असतो आणि आपला कोड 'इ' पडल्याबरोबर सर्व्हरकडे धावतो, मग 'इं', मग 'इंद'. त्याचे बोट थांबू द्या, तीनशे मिलिसेकंद वाट बघा, मग एकदाच विचारा. जाता जाता देवनागरीची एक गंमत. बड़वानीतला 'ड़' संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो, एकसंध अक्षर म्हणून किंवा ड आणि त्याखाली सुटा नुक्ता म्हणून. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. यादीत एक आणि लिहिणाऱ्याच्या कीबोर्डवर दुसरा असेल तर गाव सापडतच नाही. दोन्हींना आधी एका रूपात आणून मग तुलना करावी. यावर माझे दोन दिवस गेले होते. तुमचे जाऊ नयेत.

फोटोंबद्दल थोडक्यात. पन्नास केबीचाच फोटो चढवा, असे आपली पाने दटावून सांगतात. आजकाल फोन फोटो काढतो तो तीन-चार एमबीचा. मग ती मुलगी फोटो लहान करायला सायबर कॅफेत पैसे मोजते. तो फोटो ब्राउझरमध्येच, चढवण्याआधी, कोडने लहान करता येतो. आपले काम नागरिकाच्या गळ्यात का घालायचे? तसेच, अर्धा भरलेला अर्ज फोनमध्येच जपून ठेवता येतो, म्हणजे बस बोगद्यातून जाताना नेटवर्क गेले तरी पहिल्यापासून भरावा लागत नाही. सामायिक फोनवर तो अर्ज पाठवल्यावर पुसायचा, हे विसरू नका.

आता पान जलद झाले की नाही, हे ठरवायचे कसे? आपल्या टेबलावर तर ठरवायचे नाहीच. क्रोममध्ये संगणकाचा वेग मुद्दाम चौपट किंवा सहापट मंद करायची सोय आहे, नेटवर्कही मंद करता येते. तसे करून मोजा. मोजल्याशिवाय सुधारायला जाऊ नका, कारण आपल्याला ज्या ओळीचा संशय असतो ती बहुधा निर्दोष निघते. गूगलने मार्च २०२४ पासून एक माप मुख्य मापांत घेतले आहे. बोट लावल्यापासून पडद्यावर काही हलेपर्यंत २०० मिलिसेकंद किंवा कमी लागावेत, आणि शंभरांतल्या पंचाहत्तर भेटींत ते साधले की पान चांगले. दुकानदारीसाठी माप ठीक आहे. पण मी सरकारी माणूस, मला उरलेल्या पंचवीसांची काळजी वाटते. तडकलेल्या काचेचा फोन त्या पंचवीसांतच असतो.

एक कबुली आणखी. त्या मुलीच्या प्रसंगानंतर मला वेगाचे वेडच लागले. मिलिसेकंद-मिलिसेकंद वाचवण्यासाठी मी असा चलाख कोड लिहू लागलो की तो मलाच आठवड्याने कळेना. मग सरकारी नियमाने माझी बदली झाली. माझ्या जागी आलेल्या भल्या माणसाने महिनाभर फोन करकरून मला विचारले, भाऊ, या ओळीत काय केले आहे? डोनाल्ड कनूथ यांनी १९७४ सालच्या लेखात हाच इशारा दिला होता. बहुतेक ठिकाणी किरकोळ बचतीच्या मागे लागू नये, पण जी थोडी जागा खरोखर कळीची आहे ती सोडूही नये. पहिला अर्धा भाग सगळे सांगतात आणि दुसरा सोयीस्कर गाळतात. मी मात्र उलटे केले. दुसरा धरला आणि पहिला गाळला.

आरतीची वेळ होत आली आहे, सचिवसाहेब घड्याळ दाखवताहेत. आपल्या मंडळाच्या संकेतस्थळाबद्दल बोलायचे टाळत होतो, पण कार्यकारिणीने परवानगी दिली आहे. पहिल्याच पानावर बाप्पाचा फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच टाकला आहे, आणि देणगीचे बटन तो पूर्ण येईपर्यंत वर-खाली होत राहते. काल माझ्या आईने देणगी समजून वधू-वर नोंदणीवर बोट ठेवले! फोटो लहान करणे आणि त्याची लांबी-रुंदी कोडमध्ये आधीच लिहून जागा राखणे, दोन्ही मिळून अर्ध्या तासाचे काम आहे.

त्या मुलीच्या फोनसारखाच एक जुना, दोन जीबीचा फोन मी नंतर विकत घेतला. तो कार्यालयात माझ्या खणात असतो आणि नवे पान आधी त्यावर उघडते. आज तो बरोबर आणला आहे. पुण्या-बेंगळुरूहून आलेल्या मुलांनी आपापल्या कंपनीचे पान आरतीनंतर त्यावर उघडून पाहावे. मी प्रसादाच्या टेबलाजवळ उभा असेन.

गणपती बाप्पा मोरया!