देवळातलं कासव आणि किनाऱ्यावरचं कासव

(वादी कबीर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय 'वन्यजीव रक्षण आणि हिंदू अध्यात्म' असा कळवला होता. विषय इतका मोठा आहे की वेदांपासून सुरुवात केली तर जेवणाची वेळ होईल आणि आपण अजून उपनिषदांतच असू. म्हणून मी फक्त कासवाबद्दल बोलणार आहे. गावच्या देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत बसवलेलं दगडी कासव आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि मस्कतला आलेला मराठी माणूस कधीतरी सूरच्या पुढे रास अल जिन्झला जातो, तिथे रात्री वाळूत अंडी घालणारी हिरवी कासवी पाहतो. या दोन कासवांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

देवळातल्या कासवाची माहिती आपल्याला पाठ असते. समुद्रमंथनात मंदार पर्वत पाठीवर तोलणारा कूर्मावतार. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला दिलेली उपमा: कासव जसं अवयव आत ओढून घेतं, तशी त्याने इंद्रियं आवरलेली असतात. आणि आपल्या संतांची कासवी, जी पिलांना नुसत्या नजरेने वाढवते. ईश्वराच्या कृपेसाठी याहून सुंदर दृष्टांत मला तरी माहीत नाही.

आता किनाऱ्यावरची कासवी बघा. ती भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या वल्ह्यांनी खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पिलं दीडदोन महिन्यांनी बाहेर येतात, तोवर आई कुठल्या कुठे गेलेली असते. पिलांकडे ती एकदाही बघत नाही. दुसरी गोष्ट अशी, की समुद्री कासवाला डोकं आणि पाय कवचात ओढून घेताच येत नाहीत. ते जमिनीवरच्या आणि गोड्या पाण्यातल्या कासवांना जमतं. समुद्री कासवाची वल्ही कायम उघडी असतात, म्हणून ती जाळ्यात गुंततात. श्वासासाठी त्याला वर यावं लागतं. वर येता आलं नाही की ते बुडून मरतं.

हे मी संतांना नापास करण्यासाठी सांगत नाही. दृष्टांत हा प्राणिशास्त्राचा धडा नसतो. पण 'आपल्या ऋषींना पर्यावरण आधीच कळलं होतं' असे संदेश आपल्या सगळ्यांना येतात आणि आपण ते कौतुकाने पुढे पाठवतो, त्याबद्दल मला बोलायचंय. गीतेतलं आवरणं माणसासाठी सांगितलेलं आहे. कासव स्वतःला आवरू शकत नाही, तेव्हा हात आवरायचा तो आपणच. हा अर्थ अवघड नाही. पण तो देवळाच्या फरशीवरून समुद्रापर्यंत आपोआप चालत जात नाही, याचा पुरावा आपल्याच कोकणात आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. नाना फडणविसांचं मूळ गाव. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेची मंडळी, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत तिथे पोचली. किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले कासवं तिथे अंडी घालत होती आणि ती अंडी माणसं काढून नेत होती. उरलेली कुत्री आणि कोल्हे खात. हे लोक काही नास्तिक नव्हते. कूर्मावताराला हात जोडणारेच होते. वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ पासून होता. म्हणजे श्लोक होता, कायदा होता आणि अंडी बाजारात जात होती.

मग काय बदललं? संस्थेने गावकऱ्यांनाच कामाला घेतलं. ज्याला कासवाचा माग बरोबर ओळखता येतो, तो माणूस साहजिकच अंडी काढणारा असतो. ही मंडळी रात्री-पहाटे किनारा चालू लागली. सापडलेली अंडी कुंपणातल्या खड्ड्यात, आईने केलेल्या खड्ड्यासारख्याच आकाराच्या आणि खोलीच्या, पुरली जाऊ लागली. पिलं बाहेर आली की ती सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहतात, आमटीभात-उकडीचे मोदक खातात, पैसे गावात राहतात. २०२२ साली वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं आणि तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'.

संतांच्या कासवीची नजर मला इथे दिसते. आई बघत नाही, म्हणून गावाने बघायचं. पण ती नजर टिकली ती पहाटेच्या फेऱ्या, कुंपण आणि चार पैसे यांच्या जोरावर. या कामात पैसा आला म्हणून नाक मुरडणारे आपल्यात असतात. त्यांनी पगार न घेता महिनाभर किनारा राखून दाखवावा.

परंपरेत उपयोगाचं काहीच नाही, असंही मी म्हणणार नाही. मात्र ते मला श्लोकांपेक्षा पंचांगात जास्त सापडतं. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात आणि मग होड्या लोटतात. त्याआधी पावसाळाभर समुद्र बंद. पुष्कळ मासळीचा तो विणीचा काळ. महाराष्ट्रात सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै. जुना नियम बहुतेक वर्षी त्याहून लांब जायचा. अरबस्तानातही 'हिमा' नावाची राखीव चराईची रीत होती, आपल्या देवराईची चुलत बहीणच म्हणा. या रीतींना तारीख आहे, हद्द आहे आणि मोडणाऱ्याला विचारणारे शेजारी आहेत. 'सर्व प्राणिमात्र समान' या वाक्याला यातलं काहीच नाही.

आता आपल्याकडे येतो. रास अल हद्दचा किनारा ओमानने १९९६ साली राखीव केला. किनाऱ्यावर अंड्यांना संरक्षण आहे, ते उत्तमच. पण कासव आयुष्यातले थोडे तास वाळूत आणि बाकी सगळं आयुष्य पाण्यात काढतं. मसिरा बेटावर लॉगरहेड कासवांची जगातली एक मोठी वसाहत आहे. वायव्य हिंदी महासागरातली ही कासवं २०१५ मध्ये 'अतिसंकटग्रस्त' ठरवली गेली. मोठं कारण मासेमारीची जाळी, विशेषतः गळफासासारखी पाण्यात उभी सोडलेली. याच जाळ्यांत सुरमई मिळते. आणि मत्रहच्या बाजारात सुरमई घेणाऱ्यांच्या रांगेत आपण पुढे असतो.

सुरमई सोडा, असं मी सांगत नाही. माझ्या घरी ते चालणारही नाही. ओमानमध्ये दरवर्षी १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर सुरमईची मासेमारी बंद असते. श्रावण आणि गणपती पाळणाऱ्याला त्यातला बराच काळ कळतसुद्धा नाही. प्रश्न उरलेल्या दहा महिन्यांचा आहे. सुरमई गळाच्या दोरीनेही पकडतात, त्यात कासव बुडण्याचा धोका फार कमी. माझा प्रस्ताव असा, की मंडळाच्या जेवणासाठी मासे घेताना विक्रेत्याला विचारायचं: दोरीची की जाळ्याची? त्याला हिंदी चांगलं येतं. दोरीची असेल तर घ्यायची, दोन पैसे जास्त पडले तरी. तो 'माहीत नाही' म्हणाला तर पुढच्या गाळ्यावर जायचं.

आणि रास अल जिन्झच्या सहलीबद्दल. पिलं उजेडाच्या दिशेने जातात आणि वर येणारी मादी हालचाल दिसली की अंडी न घालताच परत फिरते. मोबाइल गाडीत ठेवायचे. मुलांचे आणि आईबापांचेही.

खर्चाचा मुद्दा खजिनदार मांडणार आहेत असं दिसतंय. त्यांच्यापासूनच प्रश्नांना सुरुवात करू.