खरे लिहिण्याची साधना



सावनेरात बोलायला उभे राहायचे आणि राम गणेश गडकऱ्यांना वंदन न करता पुढे जायचे, हे मराठी लेखकाला जमणार नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांनी याच गावात देह ठेवला. 'राजसंन्यास' हे त्यांचे नाटक अपुरे राहिले. त्याच वर्षी ९ मे रोजी मुंबईत रेव्हरंड नारायण वामन टिळक गेले आणि त्यांच्यामागेही एक काव्य अपुरे राहिले, 'ख्रिस्तायन'. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे पन्नासांहून अधिक अध्याय लिहिले ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. शाळेची पायरी न चढलेली, लग्नानंतर घरीच अक्षरे गिरवलेली ही बाई. नवऱ्याने हाती घेतलेला प्रभूचा चरित्रग्रंथ पुरा करायचा, एवढे मनाशी धरून ती ओवीमागून ओवी लिहीत राहिली. १९३६ साली ती गेली, ग्रंथ छापून आला १९३८ साली. तो हातात घेऊन पाहणे तिच्या नशिबी नव्हते.

लेखन ही ख्रिस्ती माणसाची साधना होऊ शकते का, असा विषय तुम्ही मला दिलात. माझे उत्तर 'होय' असे आहे. पण साधना म्हटली की तिला नेम आला, कष्ट आले आणि स्वतःला मागे सारणे आले. प्रभूचे नाव पानोपानी घातल्याने लेखन साधना होत नाही. लिहिताना आपण खरे बोलतो आहोत का, हे दर ओळीला तपासणे ही ती साधना, असे मला वाटते. प्रार्थनेत देवापुढे खोटे बोलून उपयोग नसतो, तसाच कागदापुढेही नसावा.

लक्ष्मीबाईंकडे पुन्हा वळतो, कारण आपल्या भाषेत या साधनेचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही. १९३३ साली आपल्या नागपूरला भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. पुढच्याच वर्षी 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला आणि १९३६ पर्यंत चारही भाग झाले. ते पुस्तक 'साक्ष' म्हणून वाचून पाहा. नवरा नागपुरात धनिक बुटींच्या पदरी होता, मग राजनांदगावला निघाला, वाटेत आगगाडीत कुणा युरोपियन गृहस्थाने त्याच्या हाती नवा करार ठेवला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्याचा बाप्तिस्मा झाला. घरी राहिलेल्या बायकोवर आभाळ कोसळले. ती रडली, चिडली, वर्षानुवर्षे वेगळी राहिली. यातले काहीही तिने झाकून ठेवलेले नाही. पुढे आपणही ख्रिस्ती झालो म्हणून मागचे दुःख चुकीचे होते, असे ती म्हणत नाही. जातीचा विटाळ मनातून कसा तसूतसूने सुटत गेला, तेही ती सांगते. एका रात्रीत उजेड पडला, अशी सोय तिने स्वतःसाठी करून घेतली नाही.

आणि टिळकांविषयी? तापट, भोळा, हातातले दुसऱ्याला देऊन टाकणारा, घरात मीठ आहे की नाही याची फिकीर नसलेला असा माणूस तिने उभा केला. त्याच्यामुळे सोसले ते लिहिले आणि त्याच्यावर माया होती तीही लिहिली. ज्याने आपल्याला दुखावले त्याच्याविषयी सूड न घेता लिहायचे आणि खोटी क्षमाही दाखवायची नाही, ही लेखकापुढची सर्वांत अवघड कसोटी आहे. क्षमेवर मी आयुष्यभर प्रवचने ऐकली. पण क्षमा केलेला माणूस कसा बोलतो, ते मला 'स्मृतिचित्रां'त ऐकू आले. ती हसते तेव्हा त्या हसण्यात विष नसते. असे हसू लेखणीत उतरायला आधी मनात किती काम झालेले असते, ते लिहिणाऱ्यालाच कळेल.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले, ती बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसली. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या अडाणी, परित्यक्ता, विधवा बायांना बायबल समजावे, एवढ्यासाठी. संस्कृतावर असे प्रभुत्व असलेल्या माणसाच्या लेखणीतून जड शब्द आपोआप येतात. ते दर ओळीला अडवायचे, खोडायचे आणि केडगावच्या बाईला कळेल असे लिहायचे, हे तिने कित्येक वर्षे केले. मुक्तीतल्याच मुली खिळे जुळवत, छापत. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि त्यांनी मराठीत आणलेले संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. विद्वत्ता असून ती दाखवायची नाही, हा मला मोठा उपास वाटतो. अन्नाचा उपास त्यापुढे सोपा आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्याविषयी थोडक्यातच सांगतो, कारण 'ख्रिस्तपुराण' तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. १५७९ साली गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट आपली ओवी इतकी आपलीशी करतो की सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचतो आणि १६१६ साली ते छापले जाते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती, कानाला ओवीची सवय मात्र होती. त्यांची भूक त्याने ओळखली.

आता आपल्याकडे पाहू या. मी जे सांगणार आहे ते प्रेमाने सांगतो आहे, ते तसेच घ्यावे. आपल्या मंडळ्यांत साक्षीला मोठा मान आहे आणि तो असावाच. पण आपल्या लिखित साक्षी एकमेकींसारख्या होऊ लागल्या आहेत. आधी दारू, मग आजार, मग प्रार्थना, मग सुख. खरे आयुष्य असे चालत नाही. बाप्तिस्म्यानंतरही घरात भांडणे होतात, कर्ज फिटत नाही, मूल दगावते, भावकी लग्नाला बोलवत नाही. प्रार्थना करूनही आजार बरा झाला नाही आणि तरीही श्रद्धा सुटली नाही, अशी साक्ष कुणी लिहिली तर ती मी रांगेत उभा राहून विकत घेईन. ईयोबाचे पुस्तक आपल्या शास्त्रात आहे. स्तोत्रांमध्ये देवाला जाब विचारणारी माणसे आहेत. ती स्तोत्रे प्रार्थना म्हणून पवित्र ठरली असतील, तर आपण आपला सवाल का गिळावा?

आपली दैनिक मननेही बरीचशी भाषांतरित असतात. त्यांतली थंडी, त्यांतली फुले, त्यांतला स्वयंपाक, काहीच आपले नसते. सावनेरच्या वाचकाला मेच्या उन्हातली संत्र्याची बाग, वेकोलिच्या कोळसा खाणीतून पाळी संपवून येणारा बाप, कपाशीच्या भावाची चिंता यांतून प्रभू दिसायला हवा. 'ज्ञानोदय' हे आपले ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली सुरू झाले, टिळकांनी १९१२ पासून अखेरपर्यंत त्याचा मराठी विभाग सांभाळला. एवढी परंपरा मागे असताना आपण उसन्या मननावर का जगावे?

नव्याने लिहिणाऱ्यांनी विचारले म्हणून माझा नेम सांगतो. पहाटेचे शास्त्रवाचन झाले की आदल्या दिवसातली एकच गोष्ट लिहावी. ज्या माणसाचा राग आला असेल त्याची बाजू आधी लिहावी, मग आपली. आपण फार चांगले दिसतो आहोत असे जिथे वाटेल, ती ओळ खोडावी. लिहिलेले दोन दिवस झाकून ठेवावे आणि मग घरातल्या ज्या माणसाला आपण पूर्ण ठाऊक आहोत, त्यालाच वाचायला द्यावे. सणावारी, आजारपणात खंड पडेल, पडू द्यावा. पुन्हा बसावे. छापून येणे न येणे आपल्या हाती नाही.

आणि आपल्या वस्तीतल्या, गावातल्या ख्रिस्ती बाया काय सांगतात, ते लिहून घ्यायला हवे. दवाखान्यात रात्रपाळ्या केलेल्या परिचारिका, मिशनशाळेत पहिल्यांदा पाटी धरलेल्या आज्या, बाप्तिस्म्यानंतरही ज्यांच्या पाण्याच्या घड्याचा विटाळ गावाने मानला अशा दलित घरांतल्या सासवा-सुना. लक्ष्मीबाईंना त्यांच्या मुलाने, देवदत्तांनी लिहिते केले. त्या आज्यांपाशी कुणीतरी वही घेऊन बसायला हवे. जमलेल्या तरुण मंडळींना माझी विनंती आहे: दुपारच्या सत्रानंतर प्रत्येकाने आपल्या मंडळीतल्या एका वयस्क बाईचे नाव संयोजकांकडे द्यावे, येत्या नाताळपर्यंत तिचे बोलणे तिच्याच शब्दांत उतरवून आणावे आणि छापण्याआधी ते तिला वाचून दाखवावे. ती "असं नाही झालं" म्हणेल तिथे दुरुस्त करावे.