वही उघडून बोलणारं यंत्र

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे हिंजवडीच्या कंपन्यांचं काम, आपला काय संबंध? पण संबंध आहे, आणि तो थेट आपल्या कर्जाशी आणि अर्जाशी आहे.

तुम्ही एआयचं नाव ऐकलंच असेल. मोबाइलवर प्रश्न विचारला की ते उत्तर देतं. हेच एआय आता संगणकाचे प्रोग्रामही लिहितं. प्रोग्राम लिहिणारा माणूस सगळं स्वतः करत नाही. तो दुसऱ्यांनी तयार केलेले भाग वापरतो, जसं आपण पापडाला तयार पीठ आणतो. अशा प्रत्येक भागाची माहितीपुस्तिका असते: कसं वापरायचं, काय चालतं, काय चालत नाही. आणि ती बदलत राहते. पायथन नावाची संगणकाची भाषा आहे. तिच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. जुन्या आवृत्तीत बरोबर असलेली साधी ओळसुद्धा नव्या आवृत्तीत अडते.

आता अडचण अशी, की एआय शिकतं ते ठरावीक तारखेपर्यंतच्या मजकुरावर. त्यानंतर काय बदललं हे त्याला आपोआप कळत नाही. तरी विचारलं की ते थांबत नाही, ठामपणे उत्तर देतं. कधी जुना नियम सांगतं, तर कधी नसलेल्याच भागाचं नाव सांगतं. ठग लोक नेमक्या त्याच नावाने घातक प्रोग्राम तयार करून ठेवू शकतात.

यावर उपाय म्हणून पुस्तिका शोधून देणारी साधनं निघाली. 'कॉन्टेक्स्ट सेव्हन' हे त्यातलं एक नाव. काम सोपं आहे. एआयने लिहायला घेण्याआधी साधनाला विचारायचं: अमुक भाग, अमुक आवृत्ती, मला एवढंच करायचंय. साधन त्या पुस्तिकेतली नेमकी पानं काढून देतं. एआय ती वाचतं आणि मग लिहितं. अशी साधनं एआयला जोडायची एक सामाईक पद्धत अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली, त्यामुळे जोडणी सोपी झाली.

मैत्रिणींनो, यात नवं काय आहे? गटाच्या बैठकीत हप्त्यावरून वाद झाला तर आपण कुणाच्या आठवणीवर निकाल देतो का? नाही. आपण म्हणतो, "खतावणी काढा." पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र नोंदींचं आहे ते याचसाठी. संगणकवाल्यांनी यंत्राला तेच शिकवलं: आठवणीवरून बोलू नको, वही उघड.

आता आपल्या कामाकडे येऊ. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ रोजी निघाला. त्यात वयाची अट २१ ते ६० वर्षं होती. काही दिवसांतच ती ६५ पर्यंत गेली, पाच एकर जमिनीची अट निघाली, आणि १५ जुलैची मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. अधिवास दाखला नसेल तर १५ वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड किंवा शाळा सोडल्याचा दाखलाही चालेल, असं ठरलं. जूनचा कागद वाचलेल्या माणसाने ६२ वर्षांच्या मावशींना घरी पाठवलं असतं, आणि त्याच्याकडचा कागद खोटाही नव्हता. फक्त जुना होता.

गटाच्या कर्जाचंही तसंच. दीनदयाळ अंत्योदय योजनेच्या ग्रामीण अभियानातल्या गटांना विनातारण कर्जाची मर्यादा आधी १० लाख रुपये होती. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती २० लाख केली. जुन्या माहितीवर बोलणारं यंत्र किंवा माणूस तुम्हाला सांगेल, "१० लाखांच्या वर तारण लागेल." आणि तुम्ही मंगळसूत्राकडे बघाल!

सरकारही आता एआय वापरतं. पीएम किसानच्या प्रश्नांसाठी 'किसान ई-मित्र' सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालं, ते मराठीतही उत्तर देतं. अशी सेवा वापरायला घाबरू नका. पण कुठल्याही एआयला विचारताना चार गोष्टी करा.

पहिली: प्रश्न पूर्ण विचारा. जिल्हा, योजना, वर्ष सांगा. "कर्ज किती मिळतं?" एवढंच विचारू नका.

दुसरी: उत्तर आलं की विचारा, "हे कोणत्या कागदावरून सांगितलं? त्याची तारीख काय?" कागदाचं नाव सांगता आलं नाही, तर ते उत्तर म्हणजे ऐकीव गोष्ट.

तिसरी: कागद सांगितला, तरी तो खरंच आहे का ते बघा. शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतात. त्यावर क्रमांक आणि तारीख असते. त्यानंतर शुद्धिपत्रक किंवा नवा निर्णय निघालाय का, तेही पाहा. गटातली शिकलेली मुलगी हे शोधून देऊ शकते.

चौथी: आधार क्रमांक, खाते क्रमांक, ओटीपी एआयला देऊ नका. नियम समजून घ्यायला यातलं काहीच लागत नाही.

एक लक्षात ठेवू. पुस्तिका शोधणारं साधन जोडलं म्हणून यंत्र शहाणं होत नाही. पुस्तिकाच जुनी निघाली, कुणी तीत खोटं घुसवलं, किंवा यंत्राने वाचताना घोळ घातला, तर उत्तर चुकणारच. खतावणीत नोंद चुकली तर हिशोब चुकतो ना, तसंच. म्हणून शेवटची सही माणसाची.

आमची विनंती एवढीच. पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येक गटाने एक योजना निवडा, तिचा सर्वांत नवा शासन निर्णय काढा आणि मोठ्याने वाचा. वाचल्याची तारीख इतिवृत्तात लिहा. मग बँकेत कुणी म्हणालं, "असा नियम नाही," तर आपल्याला आवाज चढवावा लागणार नाही. कागद पुढे ठेवायचा.