कॉलेज उघडण्यापूर्वी



सुटीत कॉलेजचा विद्यार्थी रिकामा असतो, ही समजूत आपल्या कर्जत-खालापुराकडे टिकत नाही. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो आणि कॉलेजेही त्याच महिन्यात उघडतात. सकाळी मुलगा वडिलांबरोबर राबात भात पेरतो. दुपारी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत उभा राहतो. सायंकाळी वरच्या वर्गातील मुलांकडे जुनी पुस्तके मागत फिरतो. मुलींना याखेरीज घरचा स्वयंपाकही चुकत नाही. केळवली, डोलवली, लौजी येथील मुलांना कर्जत-खोपोली गाडीचा पासही काढावयाचा असतो. शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा मागाहून येते; शुल्क मात्र आधी भरावे लागते. या जूनच्या चणचणीपायी आमचे हुशार विद्यार्थीही घरी बसलेले आम्ही पाहिले आहेत.

आपला संघ निकालानंतर गुणवंतांचा सत्कार करतो, हे योग्यच आहे. परंतु सत्कार महिनाभर लांबला तरी चालेल. प्रवेशाची मुदत टळली, तर मुलाचे वर्ष बुडते. म्हणून संघाने जूनच्या पहिल्याच आठवड्यात पुस्तकपेढी उघडावी व शुल्कापुरती बिनव्याजी उचल द्यावी. शिष्यवृत्ती हाती येताच ती फेडली जावी. आणि ज्यांच्या घरी जुनी पुस्तके असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत, एवढीच आमची विनंती आहे.