चार सॅक्सोफोन आणि ठेका



कामगारांच्या सभांत ज्यांची हयात गेली, त्यांनी जाझ संगीतावर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. संगीताचे शास्त्र आम्हांला कोणी शिकवले नाही. ऐकून जे पदरी पडले तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

सॅक्सोफोन आपल्याला वरातीच्या बँडमुळे माहीत आहे. बेल्जियमच्या अडॉल्फ साक्स यांनी 1846 मध्ये त्याचे पेटंट घेतले. जाझमधली नेहमीची रीत अशी की सॅक्सोफोनवाला पुढे उभा राहून टाळ्या घेतो आणि मागे ड्रम व डबल बेस वाजवणारे ताल सांभाळतात. 'वर्ल्ड सॅक्सोफोन क्वार्टेट'ने मागची ही माणसे ठेवलीच नाहीत. माणसे कमी झाली की उरलेल्यांवर काय येते, हे गिरणीत काम केलेल्याला विचारावे! येथे मात्र तो बोजा चौघांनी आपण होऊन उचलला होता.

ज्युलिअस हेम्फिल, ऑलिव्हर लेक आणि हॅमिएट ब्लुइट हे तिघे सेंट लुईसच्या 'ब्लॅक आर्टिस्ट्स ग्रुप'मधले. 1968 साली कृष्णवर्णीय कलावंतांनी स्वतःच उभारलेली ही संस्था. चौथे डेव्हिड मरे, कॅलिफोर्नियाचे आणि वयाने बरेच लहान. 1976 मध्ये न्यू ऑर्लीन्स येथे चौघे प्रथम एकत्र वाजले.

त्यांची 'रेव्ह्यू' ही तबकडी मिलानच्या 'ब्लॅक सेंट' कंपनीने 1982 मध्ये काढली. रचना बहुतेक त्यांच्या स्वतःच्या, त्यांतही हेम्फिल यांच्या अधिक. ठेका कोण धरतो? बहुधा ब्लुइट. त्यांचा बॅरिटोन चौघांत खर्जाचा. एखादी लहानशी ओळ तो पुन्हा पुन्हा घोळवतो आणि तीच आपला डग्गा होते. परंतु तबलजीला दमासाठी हात थांबवावा लागत नाही, फुंकणाऱ्याला सहसा थांबावे लागते. एकाने श्वास घेतला की ती जागा दुसऱ्याने भरायची. शिवाय ब्लुइट यांनाही वर तारसप्तकात जायची हौस दांडगी. ते निघाले की ठेका दुसऱ्याच्या गळ्यात! कोणी कायमचा पुढचा नाही, कोणी कायमचा मागचा नाही. आमच्या युनियनच्या कार्यकारिणीत हे अजून जमलेले नाही.

तेथेही ते कायम टिकले असे नव्हे. हेम्फिल पुढे वेगळे झाले आणि त्यांनी सहा सॅक्सोफोनांचा ताफा उभारला, तोही ड्रमवाचून. 1995 मध्ये ते वारले, ब्लुइट 2018 मध्ये.

आता मरे यांची 'मिंग' ही रचना लावतो. संथ आहे, घाई करू नका.