हस्तिदंताचे तुकडे आणि त्यांचे गाव

इजिप्तमधील प्राचीन ख्रिस्ती, म्हणजे कॉप्टिक, समाजाच्या हस्तिदंती कोरीवकामाचा विचार करू लागलो की आपल्या हाती बहुधा तुकडेच येतात: पेटीची पट्टी, आसनाचा फलक, क्वचित एखादी भंगलेली आकृती. जर्मनीतील आखेनच्या कॅथीड्रलमध्ये एका व्यासपीठावर असे सहा फलक जडवलेले आहेत. अकराव्या शतकाच्या आरंभी सम्राट दुसऱ्या हेन्रीने ते व्यासपीठ अर्पण केले. फलक त्याहून पुष्कळ जुने, सुमारे सहाव्या शतकातील. आणि त्यांवर इसिस व बाखुस या ख्रिस्तपूर्व देवता निःसंकोच विराजमान आहेत! ते इजिप्तमध्ये कोरले गेले हे अनुमान मुख्यतः शैलीवरून केलेले आहे.

मराठी मुलखाला हा प्रश्न परका नाही. इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात 1938 साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. उंची सुमारे 25 सेंटिमीटर. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले. पुढे अनेकांनी यक्षी मानले. तिचे माहेर मथुरा, असाही तर्क झाला. परंतु तिच्याशी जवळचे नाते सांगणारी मूर्ती मराठवाड्यातील तेर येथे आहे. तेर म्हणजे ग्रीक व्यापाऱ्यांचे तगर. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंमुळे तेथील संग्रहालय उभे राहिले. त्यांचे ऋण मोठे आहे. तरी गावात व शेतात गोळा केलेल्या वस्तूला उत्खननातील थराचा आधार नसतो. त्याने तिचे सौंदर्य उणावत नाही, साक्ष मात्र उणावते.

म्हणूनच 1973 साली भोकरदनच्या उत्खननात त्याच घडणीच्या मूर्तीचा केवळ खालचा भाग मिळाला, तेव्हा त्या तुटक्या तुकड्याचे वजन अखंड मूर्तीहून अधिक ठरले. वाद संपला असे नव्हे. पाँपेईच्या मूर्तीवर कोरलेले खरोष्ठी अक्षर पुन्हा वायव्येकडे बोट दाखवते.

अलेक्झांड्रियात कोम-एल-दिक्का येथे पोलिश संशोधकांना प्राचीन घरांत हाडावरील कोरीवकामाचे अर्धवट घडलेले तुकडे व टाकाऊ कपचे सापडले. हस्तिदंत महाग, म्हणून तेथील कारागीर हाडावरही तेच काम करीत. असे कपचे कोणी दूरदेशी विकायला नेत नाही. आखेनच्या देखण्या फलकांना जे सांगता येत नाही, ते हा केरकचरा सांगतो: कारागीर येथेच बसत होता.