वेळापत्रकाचे राखणदार



पुणे–लोणावळा मार्गावर देहूरोड आणि घोरावाडी यांच्या दरम्यान बेगडेवाडी हे लहानसे स्थानक आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या येथून न थांबता पुढे जातात. थांबते ती लोकल. या मार्गावर उपनगरी सेवा १९७८ साली सुरू झाली. अशा स्थानकावरील विद्यार्थ्याच्या, कामगाराच्या दृष्टीने वेळापत्रक हा नुसता कागद नसतो. त्याच्या दिवसाची आखणी त्यावर अवलंबून असते. गाडी चुकली तर पुढच्या लोकलपर्यंत ताटकळावे लागते, आणि हजेरी बुडते ती वेगळीच.

रेल्वेचे वेळापत्रक राखण्यासाठी पगारी यंत्रणा आहे. परंतु जगात असेही एक वेळापत्रक आहे, की जे एक पैसाही न घेता राखले जाते. आणि तेही ज्यांत एकही प्रवासी बसत नाही अशा विमानांसाठी! घरच्या संगणकावर विमान चालविण्याचा सराव करणाऱ्या हौशी मंडळींचे, म्हणजेच आभासी वैमानिकांचे हे जग आहे. २००१ साली स्थापन झालेल्या ‘व्हॅटसिम’ या जागतिक जाळ्यावर ही मंडळी एकत्र येतात. तेथे हवाई वाहतूक नियंत्रकाचे कामही स्वयंसेवकच करतात. वैमानिकांनी आपापल्या आभासी विमान कंपन्याही उभारल्या आहेत. खऱ्या कंपनीप्रमाणेच यांनाही उड्डाणांची यादी लागते, आणि ती कोणी तरी सतत अद्ययावत ठेवावी लागते.

हे काम दिसते तितके सोपे नाही. प्रत्येक नोंदीत उड्डाण क्रमांक, दोन्ही विमानतळांची सांकेतिक अक्षरे, विमानाचा प्रकार, वार व वेळ असते. वेळ नोंदवायची ती जागतिक प्रमाणवेळेत. ही वेळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. पुण्याहून सोमवारी पहाटे ५ वाजता निघणारे विमान या हिशेबाने रविवारी रात्री ११ वाजून ३० मिनिटांनी निघते. वेळ बदलली पण वार बदलण्याचे राहून गेले, तर संपूर्ण नोंद चुकते.

शिवाय खरे जग थांबत नाही. मार्च आणि ऑक्टोबर महिन्यांच्या अखेरच्या रविवारी विमान वाहतुकीचा हंगाम बदलतो व शेकडो वेळा नव्याने तपासाव्या लागतात. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली व तिच्या उड्डाणांचे क्रमांक बदलले. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. अशा प्रत्येक घटनेनंतर कोणी तरी बसून जुन्या ओळी काढाव्या लागतात, नव्या घालाव्या लागतात. या कामाबद्दल टाळ्या मिळत नाहीत. यादी बरोबर असली तर तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. चूक झाली की मात्र सर्वांची बोटे तिकडे वळतात.

अशा कामाला खरा धोका असतो तो ते एकाच माणसावर विसंबण्याचा. तो माणूस थकला, की यादी शिळी होते. शिळी यादी ही यादी नसण्यापेक्षाही वाईट, कारण लोक तिच्यावर विश्वास ठेवतात. यावर उपाय साधे आहेत. प्रत्येक नोंदीपुढे ती केव्हा तपासली याची तारीख लिहावी. एकाने लिहिलेले दुसऱ्याने ताडून पाहावे. आणि आपल्यामागे काम सांभाळणारा जोडीदार आधीच तयार करावा.

हे उपाय गावालाही लागू पडतात. ग्रामपंचायतीच्या फलकावर एस. टी.च्या व लोकलच्या वेळा, तलाठ्याचा येण्याचा वार, लसीकरणाचा दिवस लिहिलेला असतो. तो केव्हा लिहिला, हे मात्र पुष्कळदा कोणालाच ठाऊक नसते. कागदावरच्या विमानाची वेळ चुकली, तर एखाद्याची हौस हुकते. गावच्या फलकावरील वार चुकला, तर तान्ह्या मुलाला घेऊन आलेली आई उन्हातून तशीच परत जाते.

गावच्या शाळेतील दोन विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हा फलक तपासून त्यावर तारीख घालावी. यास अनुदान लागत नाही, की ठराव लागत नाही. ज्यांना विमानात कधीही बसावयाचे नाही, अशी माणसे दूरच्या अनोळखी मित्रांसाठी एवढी दक्षता बाळगतात. मग शेजाऱ्यासाठी ती बाळगणे कोणत्याही गावाला जड जाऊ नये.